बाजूला सही

१२ मे, सोमवार

गुणांच्या जुन्या वहीत मागची तीसेक पानं कोरी होती, ती या कामाला घेतली. मला परदेशात, हे राहतात तिकडच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली आहे. एक सप्टेंबरला रुजू व्हायचं. तोवर कोण काय बोललं आणि कोणी काय केलं, ते तारीखवार लिहून ठेवणार आहे. लोकांच्या आठवणीवर माझा विश्वास नाही. माझ्या स्वतःच्याही नाही.

आज सगळे कागद व्हिसा केंद्रावर दिले. काउंटरवरच्या मुलीने एकेक कागद उलटसुलट करून स्कॅन केला आणि मूळ प्रती पाकिटात घालून सील केल्या. पदवी, बीएड, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, शाळेचा अनुभवाचा दाखला. हा शेवटचा शनिवारी हातात पडला, तोही तीन हेलपाटे घातल्यावर. आमच्या हेडक्लार्कना अख्खा स्टाफ पाठीमागे टाचणी म्हणतो. अंगाने तसेच, आणि कॉलरमागे चार टाचण्या कायम खोचलेल्या. दाखल्यावर त्यांनी माझी रुजू तारीख तेरा जूनच्या ऐवजी पंधरा जून टाकली होती. एकोणीस वर्षांतले दोन दिवस गिळले. परत गेले असते तर पुन्हा टायपिंग, पुन्हा मुख्याध्यापिकांची सही, पुन्हा जावक क्रमांक, म्हणजे आठवडा गेला. घरी येऊन शाळेच्या रीतीने दुरुस्त केली: चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. व्हाइटनर फासणाऱ्यांतली मी नाही.

हे तिकडे गेले त्याला पाच वर्षं होतील. दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतात. त्यांच्या परवान्यावर बायकोला नेता येत नाही. मी माझ्या कामावर गेले तरच एका घरात राहता येईल. पाच वर्षांत सगळं मिळून अकरा आठवडे आम्ही एका छपराखाली होतो. मी मोजले आहेत.

२ जून, सोमवार

संगणकावर रोज एकच शब्द: विचाराधीन.

ह्यांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारतात, "तू हात वर केलास की कुठवर पोचतो गं?"

"कशाला?"

"सहज."

लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर बायकोचा हात कुठवर पोचतो हे कोणी सहज विचारत नाही. तरी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिले, पेन्सिलीने खूण केली, टेपने मोजलं आणि आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला, म्हणजे कुठेतरी लिहीत होते. पाणी कुठेतरी मुरतंय.

१६ जून, सोमवार

शाळेचा पहिला दिवस आणि दुपारच्या सुट्टीत मेल. "सादर केलेल्या कागदपत्रांपैकी एकात फेरफार आढळला आहे. संबंधित संस्थेकडून पडताळणी होईपर्यंत अर्ज स्थगित ठेवण्यात येत आहे." कुठला कागद ते नाही. कसला फेरफार तेही नाही. केंद्रावर फोन केला तर मुलगी म्हणाली, पाकीट सील झालं की आम्हाला काही कळत नाही मॅडम.

मी. फेरफार. एकोणीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये उभी आहे. मोज्यात, कंपासच्या झाकणात, एकदा तर पायाच्या प्लास्टरमध्ये लपवलेली कॉपी मी काढली आहे. मुलं मला सीसीटीव्ही म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तर आता डोकं शांत ठेवून पाहायचं, की माझ्या कागदांना कोणाचा हात लागला.

एक, भूगोलवाली. तिनेही तिकडच्या त्याच शाळेत अर्ज केला होता आणि तिला पहिल्या फेरीतच नकार आला. त्या शनिवारी ती ऑफिसात बसलेली होती. दोन, टाचणी. तीन लिहायला हात धजत नाही, पण कागद शनिवारपासून सोमवारपर्यंत घरच्या कपाटात होते आणि कपाटाची दुसरी किल्ली सासूबाईंच्या कमरेला असते.

१९ जून, गुरुवार

भूगोलवालीने आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं, "तुझं काही कळलं का गं?" आवाज अगदी मधात बुडवलेला. मी म्हटलं, "तुला इतकी काळजी का?" तर म्हणते, "अगं, तू गेलीस तर नववी ब माझ्या गळ्यात पडणार आहे. वेळापत्रक लागायच्या आत कळलेलं बरं." कारण तयारच ठेवलं होतं. कॉपी करणारा मुलगाही विचारायच्या आधीच सांगतो, की बाई, माझं पेन खाली पडलं होतं.

२४ जून, मंगळवार

आज जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. हजेरीपत्रकं द्यायला ऑफिसात गेले. टाचणी एक लांबट पांढरं पाकीट उघडून आतला कागद खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. मला पाहिलं आणि पाकीट ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला कुलूप.

मी म्हटलं, "माझ्या पडताळणीचं काही आलंय का भाऊसाहेब?"

"गोपनीय टपाल आहे बाई. मुख्याध्यापिकांच्या नावाचं." मग चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला. आणि खालच्या आवाजात विचारतात, "बाई, दाखला घरी नेल्यावर तुम्ही त्यावर काही लिहिलंबिहिलं होतंत का?"

"मी? एक अक्षरसुद्धा नाही."

"बरं," म्हणाले. "बरं, बरं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. त्यांचा हात लागलाय, आणि खापर माझ्या डोक्यावर फोडता येतं का ते चाचपून पाहत होते. एकतीस जुलैला निवृत्त होतात. जाता जाता कोणासाठी हे काम केलं असेल? ते आणि भूगोलवाली एकाच बसने येतात.

यानंतर मागच्या परीक्षेच्या गुणपत्रकात चौदा दुरुस्त्या करत बसले. वर्गशिक्षिका बेरीज करतात की देवाला कौल लावतात, कळत नाही. चौदा रेघा, चौदा सह्या. हात दुखला.

१ जुलै, मंगळवार

ह्यांना फोन लावला तर मागे ठोकाठोक. मग स्पष्ट एका बाईचा आवाज, त्यांच्या भाषेत. मला तिकडची भाषा जेवढी येते तेवढ्यात कळलं ते असं: "आणखी खाली घे, तिला पोचणार नाही."

"कोण आहे?"

"घरमालकीण. नळाचं काम चाललंय."

"कोणाला पोचणार नाही?"

"अं? नाही गं, पाणी पोचत नाही वर."

फोन ठेवला. पाच वर्षं फार असतात. माझा अर्ज अडकल्याचं सांगितलं तेव्हा हे म्हणाले होते, "होईल गं, घाई कसली?" तेव्हा धीर वाटला होता. आता ते वाक्य उलटसुलट करून पाहते आहे. घाई कसली. ज्याला बायको यायला हवी आहे, त्याला घाई नसते?

५ जुलै, शनिवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण वहीशी खोटं बोलून कोणाला फसवू?

सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी त्यांची ट्रंक उघडली. केंद्राची पावती, एखादा झेरॉक्स, काहीतरी सापडेल म्हणून. सापडली ती एक कापडी पिशवी. त्यात त्यांची पाच लुगडी, औषधांचा डबा, चष्म्याचं दुसरं घर, मोठ्या जाऊबाईंचा पत्ता लिहिलेला कागद. सगळं घडी घालून बांधून ठेवलेलं, आजच निघायचं असल्यासारखं. मी गेले तर त्यांना मोठ्या दिरांकडे जावं लागणार, आणि तिथे जाऊबाईंशी त्यांचा छत्तीसचा आकडा. मग ही तयारी कसली? माझ्या पाठीमागे दोघींचं काय शिजतंय?

तेवढ्यात त्या दारात. "काय शोधतेस?"

पिशवी माझ्या हातातच होती.

"विचारलं असतंस तर दाखवलं असतं," म्हणाल्या. चप्पल काढून आत आल्या, पिशवी परत ट्रंकेत ठेवली. "तुझा कागद आला की आईचं काय करायचं म्हणून तू अडून राहशील. तसं नको म्हणून बांधून ठेवलीय. मे महिन्यापासून."

थोड्या वेळाने भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुला ना, सगळ्यांच्या खिशात कॉपी दिसते." मी म्हटलं, असते म्हणून दिसते आई. त्यांनी पुढची जुडी सोडली. यादीतला तिसरा आकडा मी खोडला आहे.

९ जुलै, बुधवार

केंद्राकडून मेल. शाळेचा खुलासा पंचवीस जुलैपर्यंत न आल्यास अर्ज नामंजूर. नामंजुरीची नोंद कायम राहते, म्हणजे पुन्हा अर्ज केला तरी ते पान आधी उघडणार. तिकडच्या शाळेनेही कळवलं की ऑगस्टअखेर मी पोचले नाही, तर दुसरी बाई पाहतील.

माझा तोल गेला. मधल्या सुट्टीत टाचणी स्टाफरूममध्ये सह्या घ्यायला आले तेव्हा सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊसाहेब, माझा दाखला कोणाच्या सांगण्यावरून बिघडवलात?"

भूगोलवाली वहीत डोकं घालून बसली.

त्यांनी हातातले कागद टेबलावर ठोकून सरळ केले, कॉलरमागची टाचणी काढून कोपऱ्याला लावली. मग म्हणाले, "तुम्ही चिडलेल्या आहात बाई. घंटा झालीय, तासाला जा."

नाकारलं नाही. लक्षात घ्या, नाकारलं नाही.

१४ जुलै, सोमवार, शाळेतून आल्याआल्या

लेखी तक्रार घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "याची गरज नाही आता. भाऊसाहेबांनी शुक्रवारी लिहून दिलंय." आणि फाइल माझ्यापुढे सरकवली.

वर त्यांचा जबाब, त्यांच्या त्या मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात: सदर दाखल्यावरील तारखेची दुरुस्ती माझ्या हातून झाली असून संबंधित शिक्षिकेचा त्याच्याशी संबंध नाही. खाली तशाच अर्थाचं व्हिसा कार्यालयाला जाणारं पत्र, बुधवारी निघणार.

"त्यांना मेमो द्यावा लागेल," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "छत्तीस वर्षांत सेवापुस्तकात एक शेरा नाही माणसाच्या. आणि शेवटच्या पंधरवड्यात हा. पण बाहेरच्या कार्यालयाचं पत्र आहे, माझा इलाज नाही."

मला वाटलं, बरं झालं. खरंच वाटलं. सापडला.

मग त्यांनी तिसरा कागद दाखवला. कार्यालयाने पाठवलेली दाखल्याची प्रत. पंधरावर आडवी रेघ, वर तेरा. तेरातला तीन वरून सपाट, मी फळ्यावर काढते तसा. आणि बाजूला माझी छोटी सही. बघताक्षणी डोक्यात काय आलं ते लिहिते, म्हणजे मी किती खोलात गेले होते ते कळेल: माझ्या मनात आलं, टाचणीने माझं अक्षरही हुबेहूब उचललं.

त्याच तावात घरी आले. दाखला नेमका कोणत्या दिवशी माझ्या हातात आला होता ते पाहायला ही वही उघडली. बारा मे.

घरी येऊन शाळेच्या रीतीने दुरुस्त केली.

माझंच अक्षर. तोच सपाट तीन. हे मी केलं, लिहून ठेवलं आणि विसरले. दिवसाला दहा आकडे अशी नीट करते, पाणी प्यायलेलं कोणी लक्षात ठेवतं का? आमच्याकडे ही इमानाची खूण आहे. गुपचूप बदललं तर तो फेरफार, रेघ मारून सही केली तर ती दुरुस्ती. पण दाखला शाळेने दिलेला. त्याच्यावर रेघ मारायचा हक्क शाळेचा होता, माझा नव्हता. नववीतल्या मुलाने स्वतःच्या गुणपत्रिकेवर असं केलं असतं तर मी त्याला कुठवर नेलं असतं?

आणि त्या माणसाला मी सगळ्यांसमोर काय बोलले.

१५ जुलै, मंगळवार

टाचणी ऑफिसात एकटेच होते. नाही, आता हे नाव पुरे. भाऊसाहेब एकटेच होते. मी दारातच म्हटलं, "ती सही माझी आहे."

"माहीत आहे," म्हणाले. "उजेडात धरली तेव्हाच ओळखली. एकोणीस वर्षं तुमची सही बघतोय मी. म्हणून तर विचारलं तुम्हाला."

"मी तर ‘नाही’ असं सांगितलं."

"तुम्ही ते ‘नाही’ मनापासून म्हटलंत. खोटं बोलणारा माणूस इतक्या चटकन ‘नाही’ म्हणत नाही."

"मग तुम्ही का घेतलंत अंगावर?"

त्यांनी खुर्ची पुढे केली. "तेराचे पंधरा मी केले बाई. ती चूक झाली नसती तर तुम्हाला पेन उचलावंच लागलं नसतं. आणि मला आता बढती थोडीच घ्यायचीय? पंधरा दिवसांनी घरी. शेरा पडला तर पडला."

"मी सगळं सांगणार आहे मुख्याध्यापिकांना."

तेव्हा मात्र ते वैतागले. "तुमची जायची वेळ आली, साहेब तिकडे वाट बघतायत, आणि तुम्ही हे काय काढलंत? माझं पत्र उद्या गेलं की सुटलात. इतकी वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्यात. एकदा कोणी तुम्हाला सोडतंय, तर सोडू द्या की."

मी स्टाफरूममधल्या त्या बोलण्याची माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती बाजूला सारली. मला रडू आलं, ते त्यांना दिसलं आणि ते उगाच कपाटातल्या फाइली लावत बसले.

संध्याकाळी ह्यांना फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. भाऊसाहेबांचं पत्र गेलं तर मी सुटते, माझं गेलं तर कदाचित कायमची अडकते, हेही सांगितलं.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला त्या पत्रावर इथे येऊन झोप लागेल का?"

"नाही."

"मग लिही तुझं तू. फळीचं काय, ती कुठे पळून जाते?"

"कसली फळी?"

"जा, सांगून टाकलं बघ. अगं, इथल्या स्वयंपाकघरातली कपाटं छताला लागलेली असतात. म्हणून तुझा हात पोचेल इतक्या उंचीवर मसाल्याच्या डब्यांची फळी लावलीय. पहिल्यांदा चार बोटं वर झाली. घरमालकीण म्हातारी आहे, पण दुसरं टोक तिनेच धरलं."

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात गेले. भिंतीवर पेन्सिलीची खूण तशीच होती.

१६ जुलै, बुधवार

मुख्याध्यापिकांना लिहून दिलं. भाऊसाहेबांचा जबाब त्यांनी फाइलमधून काढला आणि मेमो माझ्या नावाने केला. माझ्याही सेवापुस्तकात आजवर काही नव्हतं. आता आहे. शाळेचं पत्र खरं तेवढंच सांगतं: रुजू तारीख तेरा जून बरोबर आहे, टंकलेखनाची चूक शाळेची, दुरुस्ती शिक्षिकेने परवानगीशिवाय केली. सोबत माझा खुलासा.

तो खुलासा लिहायला बसले तर तिसऱ्या ओळीत शब्द चुकला. हात आपोआप चालला, रेघ मारली, वर बरोबर शब्द लिहिला, सही करायला पेन टेकवलं आणि थांबले. कागद फाडला. दुसरा घेतला. त्यावरही पत्ता चुकला. तिसरा घेतला. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "सावकाश. कोणी पेपर ओढून घेत नाहीये."

३१ जुलै, गुरुवार

भाऊसाहेबांचा निरोप. सेवापुस्तक कोरं घेऊन घरी गेले. भाषण भूगोलवालीने केलं आणि चांगलं केलं. नववी ब तिच्याकडे गेली आहे. मी सगळ्या मुलांची यादी करून दिली, कोण कुठे बसतं, कोणाला काय जमत नाही. कोण कुठे लपवतं, ते मात्र लिहिलं नाही.

केंद्राकडून मेल: मुलाखतीला हजर राहावे.

४ ऑगस्ट, सोमवार

काचेपलीकडे एक अधिकारी, केस पिकलेले, माझ्याच वयाचे. शेजारी दुभाषी मुलगी. त्यांच्यासमोर माझा दाखला, मूळ प्रत.

त्यांनी विचारलं, "हे तुम्ही केलंत?"

"हो."

"परवानगी होती?"

"नव्हती."

"तुम्हाला माहीत आहे, लोक तारखा बदलतात ते अनुभव वाढवून दाखवायला?"

"माझा दोन दिवसांनी वाढला," मी म्हटलं. दुभाषी मुलगी क्षणभर थांबली, मग तिने ते सांगितलं. अधिकारी हसले नाहीत.

मग त्यांनी बोट ठेवलं त्या छोट्या सहीवर. "बदल करायचा होता तर सही कशाला केलीत? सही नसती, तर कोणी केलं ते आम्हाला कळलंच नसतं."

मी म्हटलं, "म्हणूनच. कोणी केलं ते पुढच्या माणसाला कळावं आणि विचारायचं झालं तर माझ्याकडे यावं, म्हणून आमच्याकडे सही करतात. ज्याला लपवायचं असतं तो सही करत नाही."

हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे भाऊसाहेब होते. पुढचा माणूस विचारायला आला होता, अगदी हळू आवाजात, आणि मी त्याला चोर ठरवलं होतं. पण त्याबद्दल काचेपलीकडून कोणी विचारलं नाही.

अधिकारी त्यांच्या फॉर्मवर लिहायला लागले. हस्ताक्षर तिरकं, मला वाचता येत नव्हतं. मी सवयीने हाताकडे बघत राहिले, परीक्षेच्या हॉलमध्ये बघते तशी. मधेच ते अडले. त्यांचं काहीतरी चुकलं होतं. त्यांनी त्या शब्दावर एक आडवी रेघ मारली, वर दुसरा शब्द लिहिला आणि बाजूला बारीकशी सही केली.

मग मान वर केली. मी बघत होते ते त्यांनी पाहिलं. त्यांनी परत त्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्या दाखल्याकडे, आणि दुभाषी मुलीला काही न सांगता फाइल मिटली.

"दहा दिवसांत कळवू," म्हणाले.

काय कळवतील ते माहीत नाही. पहिल्यांदाच असं झालंय की मला माहीत नाही आणि तरी मी कोणावर संशय घेत बसलेली नाही. बाहेर येऊन ह्यांना फोन लावला.

"काय झालं?"

"काही नाही अजून," मी म्हटलं. "फळी काढू नका."